मोठी ज्योत आणि कडक ज्योत: चांदी झाळताना गफलत कुठं होते

लातूर असो की परभणी, सराफ्यातल्या कारागिरानं नव्या पोराला "ज्योत मोठी कर" म्हटलं की पोरगं हटकून जोरात फुंकतं, नाहीतर भाता दाबतं. ज्योत मोठी होतच नाही. उलट आखडते, निळी-टोकदार होते आणि सूं सूं करायला लागते. "कामून एवढं फुंकायलास रे? चांदी हाय ती, लोखंड न्हाई!"

गॅस वाढवला की ज्योतीचं आकारमान वाढतं आणि मिनिटाला मिळणारी उष्णताही वाढते. हवा वाढवली की गॅस तेवढाच राहतो, फक्त तो कमी जागेत झपाट्यानं जळतो. टोकाशी ताप चढतो, पण अंगावर पसरणारी आच कमी होते, आणि हवा गरजेपेक्षा जास्त झाली तर न वापरलेला प्राणवायू थेट दागिन्यावर आदळतो. पहिली मोठी ज्योत, दुसरी कडक. लांबून दोन्ही "जोरदार" दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

चांदीच्या बाबतीत तो महागात पडतो. उष्णता वाहून नेण्यात चांदीचा हात धरणारा दुसरा धातू नाही. जोडव्याच्या एका सांध्यावर टोकदार ज्योत धरली तरी ताप सगळ्या कड्यात पळून जातो. डाख (सांधा जोडणारा, लवकर वितळणारा मिश्रधातू) वितळायचा तर अख्खं जोडवं तापलं पाहिजे, कारण डाखाला वितळवायचं काम दागिन्याच्या अंगच्या तापानं व्हायला हवं, ज्योतीनं नाही. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते. पण साडेब्याण्णव टक्के चांदी आणि बाकी तांबं असलेला धातू ८०० च्या आसपासच ढिला पडू लागतो, आणि कठीण डाख साधारण ७४५ ला वितळू लागतो. मधली जागा केवढीशी! कडक ज्योतीनं सांधा तापायला वेळ लागतो आणि पातळ कड मात्र तेवढ्यात गळून जाते.

वेळ लागला की तांबं प्राणवायू ओढून घेतं, तेही पृष्ठभागाच्या आत. दागिना पॉलिशला गेला की राखाडी-जांभळट डाग वर येतात आणि ते घासून निघत नाहीत, धातूच खरवडावा लागतो. सांध्याला लावलेला टाकणखार (बोरॅक्स) काही काळ राखण करतो, पण फार वेळ तापला की तोही थकतो. मग डाख पसरायचा सोडून गोळी होऊन बसतो. पोराला वाटतं ताप कमी पडला, ते आणखी फुंकतं.

म्हणून चांदीला हवी मोठी पण मऊ ज्योत: निळसर, झुबकेदार, शेंड्याला किंचित पिवळी झाक असलेली. पार पिवळी झाली तर काजळी धरेल, तिच्यात दमही नसतो. आतला निळा सुळका दागिन्याला टेकवू नका, त्यात गॅस अजून जळालेलाच नसतो. सर्वांत जास्त ताप सुळक्याच्या टोकाच्या जरा पुढं असतो.

पैंजणाच्या बारीक कडीला ज्योत लहान लागते, पण लहान म्हणजे कडक नव्हे. आधी गॅस कमी करा, मग त्याच्या मापानं हवा. कडक ज्योतीला माझ्या मते जागा एकच: सगळा दागिना मऊ ज्योतीनं तयार झाल्यावर, जाड वाळ्याजवळचा डाख ओढून घ्यायला शेवटचे एक-दोन सेकंद.

आपल्याकडं मे महिन्यात ऊन इतकं लख्ख असतं की पत्र्याच्या दुकानात ज्योतीचा शेंडा दिसत नाही, चांदीची मंद लालीही दिसत नाही. सावलीचा कोपरा धरा, नाहीतर कान लावा: मऊ ज्योत घुमते, कडक सुसाटते. टाकणखार आधी फुगतो, मग पाण्यासारखा निवळ होतो. तो निवळला की डाख वाहायची वेळ जवळ आली.

पंखा मात्र बंदच हवा. झोत ज्योतीला वाकवतो, की पोरगं पुन्हा फुंकायला लागतं. पण पंखा बंद म्हणजे दारं-खिडक्याही बंद, असं करू नका. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा कारागिराच्या पाठीशी नको, समोर असावा, नाहीतर धूर तोंडावरूनच जाईल. केडीएमवाला, म्हणजे कॅडमियम मिसळलेला डाख असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ फुफ्फुसाला विषारी असते. डाखाचा ताप आणि हा आकडा किती जवळ आहेत बघा. कडक ज्योतीनं तो सहज ओलांडला जातो. चांदीसाठी बिनकॅडमियमचा डाख मिळतो, तोच मागून घ्या.