रिलॅक्सोसोम

जीवाणूंच्या संयुग्मनात डीएनए एका पेशीतून दुसरीत जाण्याआधी त्याला नेमक्या जागी छेद देऊन प्रवासाला सज्ज करणारा प्रथिनांचा संच. प्लाझ्मिडवरील (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेगळ्या वर्तुळावरील) ‘ओरि-टी’ या हस्तांतरणाच्या आरंभस्थानी तो जुळतो.

संयुग्मन १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग व एडवर्ड टेटम यांनी दाखवले; हा संच मात्र १९६९ मध्ये हाती लागला. डॉन क्लेवेल व डोनाल्ड हेलिन्स्की यांना कोल-ई१ हे प्लाझ्मिड प्रथिनांसह वेगळे करता आले. त्यात सोडियम डोडेसिल सल्फेट (शाम्पूतले फेसाचे द्रव्य तेच) घालताच घट्ट पिळाचे वर्तुळ सैल पडले, कारण एका धाग्याला छेद गेला होता. परीक्षानळीत दिसलेल्या या सैलपणावरून नाव पडले. पेशीतल्या कामाचा त्यातून काही बोध होत नाही.

एश्चेरिकिया कोलायमधील एफ प्लाझ्मिड (सुमारे १ लाख बेस जोड्या) हे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण. त्यात ट्रा-वाय, ट्रा-एम आणि यजमान पेशीचेच आयएचएफ ही प्रथिने ओरि-टीवर बसतात. आयएचएफ डीएनएला चांगलाच बाक देते. मुख्य कारागीर ट्रा-आय हे १,७५६ अमिनो आम्लांचे अवाढव्य प्रथिन. त्याच्या एका टोकाला रिलॅक्सेज, म्हणजे छेद देणारा भाग असतो, तर पुढे धागे उलगडणारा हेलिकेज. सोळाव्या स्थानावरचे टायरोसीन हे अमिनो आम्ल डीएनएच्या एकाच धाग्यातील ठरावीक फॉस्फेटवर चाल करते. बंध तुटतो, पण तुटलेले ५′ टोक मोकळे सुटत नाही. ते त्याच टायरोसीनला जोडले जाते. तुटलेल्या बंधाची ऊर्जा या नव्या बंधात शिल्लक राहते आणि पुढे टोके सांधताना बाहेरून ऊर्जा लागत नाही. छेद देणे आणि उलगडणे ही कामे ट्रा-आयचा एकच रेणू एका वेळी करत नाही, त्यासाठी दोन रेणू लागतात.

ट्रा-एम या संचाला ट्रा-डीशी जोडून देते. ट्रा-डी हा पेशीपटलातील चौथ्या प्रकारच्या स्रावयंत्रणेचा द्वारपाल. ही यंत्रणा मुळात प्रथिने बाहेर धाडणारी. ती ट्रा-आयला ओळखते, आणि त्याला चिकटलेला धागा मागोमाग ओढला जातो. म्हणजे खरा प्रवासी प्रथिनच. पलीकडे पोहोचल्यावर तेच धाग्याची टोके सांधून वर्तुळ पुरे करते. दोन्ही पेशींत जोडीचा धागा नव्याने तयार होतो, त्यामुळे देणाऱ्याचे काही उणे होत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जनुक असे सहज पसरतात.

कोल-ई१पाशी स्वतःचा रिलॅक्सोसोम असतो, पण धागा पलीकडे नेणारी स्रावयंत्रणेची वाहिनी नसते. ते एफसारख्या शेजाऱ्याच्या वाहिनीतून निघून जाते.

ॲग्रोबॅक्टेरियममधील व्हीआयआर-डी२ हे याच जातीचे रिलॅक्सेज. ते टी-डीएनएचा (हा जीवाणू वनस्पतीत घालतो त्या डीएनए-तुकड्याचा) धागा थेट वनस्पतीच्या केंद्रकापर्यंत नेते. भारतात २००२ मध्ये लागवडीची परवानगी मिळालेल्या बीटी कापसातील परका जनुक याच जीवाणूमार्फत कापसात घातलेला होता.