प्रोस्टेट कॅन्सर निघाला म्हणजे लगेच ऑपरेशन? तसं नाही

‘महिनाभरात ऑपरेशन केलं नाही तर पसरेल’, बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरोघरी हेच ऐकू येतं. कमी जोखमीच्या कॅन्सरबाबत हे चूक आहे. कमी जोखीम म्हणजे ग्लीसन (बायोप्सीत पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा गुणांक) ३+३=६, पीएसए (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) १० पेक्षा कमी आणि गाठ लहान, प्रोस्टेट ग्रंथीच्या आतच.

ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांना देखरेख (लगेच उपचार न करता नियमित तपासण्या), शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागलं होतं. १५ वर्षांनी या कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास. देखरेखीच्या गटात कॅन्सर इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं: सुमारे ९ टक्के, बाकीच्यांत ५. हेही रुग्णाला सांगायलाच हवं.

उलट बाजूला ऑपरेशननंतर लघवी गळणं, ताठरता जाणं. रेडिएशनने शौचातून रक्त.

देखरेख म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. साधारण दर सहा महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी. दोन रिपोर्ट चांगले आले की लोक यायचंच सोडतात, खरा धोका तिथे. पीएसए एकदम वाढला तर आधी लघवीचा संसर्ग तपासून घ्या. ग्लीसन ४+३ किंवा त्याहून वर असेल तर मात्र हा मार्ग सहसा नाही.