सॅम्युअल लिंकन नक्की कुठला?

अब्राहम लिंकन यांना स्वतःच्या घराण्याची फारशी माहिती नव्हती. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या लिंकन घराण्याशी नाते जुळवायचा प्रयत्न झाला, पण मॉर्डेकाय, सॉलोमन, एनॉक ही नावे दोन्हीकडे सापडतात यापलीकडे काही हाती लागले नाही, असे त्यांनी १८५९ साली लिहिले. साखळी पुढे संशोधकांनी जुळवली. सहा पिढ्या मागे ती सॅम्युअल लिंकनपाशी पोचते.

१६३७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या ग्रेट यार्मथ बंदरात न्यू इंग्लंडला निघालेल्यांची नावे लिहून घेतली गेली. त्यात नॉरिचचा एक विणकर आहे, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर. एका नोकराचे नाव ‘सॅम्युअल लिंकॉर्न’, वय १८. नॉरिचपासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या हिंगम गावात मात्र सॅम्युअलचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ ला झालेला. मुलांचा बाप्तिस्मा तेव्हा सहसा जन्मानंतर थोड्याच दिवसांत उरकत, म्हणजे निघताना तो पंधराचाही नव्हता.

मग हा मुलगा तोच कशावरून? नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. माणूस अमेरिकेत कुठे वसला, शेजारी कोण होते, ते आधी पाहावे. सॅम्युअल मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगममध्ये राहिला. हे गाव इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या त्या हिंगमकरांनीच वसवलेले, आणि त्याचा विणकर भाऊ थॉमस तिथेच होता. गाव, भाऊ आणि धंदा असे तीन धागे जुळले, की वयातला तीन-चार वर्षांचा फरक पचवता येतो. त्या काळी वये अंदाजाने सांगितली जात आणि नावे कानावर पडतील तशी लिहिली जात. शोधताना म्हणून आडनावाची सगळी रूपे घ्यावीत.

त्याच गावात थॉमस लिंकन नावाचे चार जण होते: विणकर, गिरणीवाला, पिंपे बनवणारा आणि शेतकरी. धंदा न पाहता कागद जोडले, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या मुलांना जाते.

बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की त्याच चर्चची दफनाची पाने जरूर चाळावीत. ते मूल दोन वर्षांचे होऊन वारले असेल, तर ते तुमचे पूर्वज नव्हे. ही चूक फार होते. मूळ रजिस्टर फाटले असेल, तर दरवर्षी बिशपकडे पाठवलेली प्रत मिळते का पाहावे. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ‘न्यू इंग्लंडमधल्या माझ्या भावाला’ काही ठेवणारे इंग्लंडमधले मृत्युपत्र. कँटरबरीच्या धर्मन्यायालयातल्या अशा मृत्युपत्रांच्या नकला लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

तारखा वाचताना जपावे. इंग्लंडात १७५२ पूर्वी कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे नोंदीतला ‘फेब्रुवारी १६३४’ आपल्या हिशोबाने १६३५ चा. तो १६३४/५ असा लिहावा. नाहीतर आईबापांच्या लग्नाआधीच मूल जन्मल्याचे दिसते. त्या काळचे अक्षरही मोडीसारखेच शिकावे लागते: त्या वळणातला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो.

डीएनएची मदत मर्यादित. दहा पिढ्यांमागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि त्यांतल्या अनेकांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. इंग्लंड आणि अमेरिकेतल्या समान आडनावाच्या पुरुषांचे ते जुळले, तर पितृवंश एक ठरतो. मात्र तो सॅम्युअलकडून आला की थॉमसकडून, हे ठरवायला पुन्हा कागदच लागतात.