वांग्यासोबत पोटात औषध किती जातं?

यवतमाळ-वर्ध्याकडे कपाशीच्या वावरात, धुऱ्यालगत वांगी आणि ढेमसं लावलेली असतातच. पऱ्हाटीवर मारून पंपात उरलेलं औषध जाता जाता वांग्याच्या तासांवरही फिरतं. परवा फवारणी, आज तोडा, उद्या आठवडी बाजार. फळ पोखरणाऱ्या अळीने अर्धा माल किडका निघतो, तेव्हा शेतकरी थांबेल कसा, हेही खरंच.

भाजीत 'अवशेष सापडले' एवढ्यावरून मात्र धोका ठरत नाही. आजची यंत्रं किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भागही पकडतात. भाजीत औषध किती, ती खाल्ली किती, याचा गुणाकार करून खाणाऱ्याच्या वजनाने भागायचं आणि आलेला आकडा त्या औषधाच्या रोज चालणाऱ्या मात्रेशी ताडून बघायचा. जन्मभर रोज पोटात गेली तरी अपाय होऊ नये, अशी ही मात्रा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या पातळीला अपाय दिसला नाही, तिला साधारण १००ने भागून ती काढतात.

समजा, वांग्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम औषध आहे. १५ किलो वजनाच्या पोराने १५० ग्रॅम वांगी खाल्ली, तर त्याच्या दर किलो वजनामागे ०.००१ मिलिग्रॅम गेलं. औषध इमिडाक्लोप्रिड असेल, तर चालणारी मात्रा ०.०६, म्हणजे दोन टक्केही भरत नाही. तेच मोनोक्रोटोफॉस असेल, तर मात्रा फक्त ०.०००६, आणि पोरगं दीडपटीच्याही पुढे गेलं! तेवढीच भाजी खाणारा ६० किलोचा बाप मात्र निम्म्याच्या आतच राहतो. एका जेवणाने पोराला विषबाधा होईल असं नाही. एका दिवसाची मर्यादा वेगळी, ०.००२ आहे. भीती रोजच्या खाण्याची. शिवाय एकाच भाजीत मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस अशी एकाच गटातली दोन-तीन औषधं असली, तर सगळी मज्जातंतूंच्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. तेव्हा प्रत्येक औषधाने आपापल्या चालणाऱ्या मात्रेचा किती हिस्सा भरला, ते काढून बेरीज करावी लागते.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे. पण २०२३ च्या बंदी-आदेशापर्यंत कपाशीसाठी ते घरात यायचंच, आणि बाटलीला भाजीचं वावर कुठून कळणार?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-मजूर दगावले, ते फवारताना अंगावर आणि श्वासात गेलेल्या औषधाने. ताटातल्या अवशेषांशी त्याची गल्लत नको. फवारणाऱ्याच्या अंगावरची मात्रा कितीतरी मोठी असते.

वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरवरचं औषध बरंच निघतं. इमिडाक्लोप्रिड, मोनोक्रोटोफॉससारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून गरात उतरतात, तिथे धुण्याचा उपयोग थोडाच. ती कमी होतात दिवस जातील तशी, म्हणून फवारणी आणि तोडा यांत किती दिवस सोडायचे ते लेबलवर छापलेलं असतं. कृषी केंद्रातून बाटली घेताना तेवढी एक ओळ दुकानदाराकडून वाचून घ्यावी; अक्षरं फार बारीक असतात.