बिजवराचे गणित

डिसेंबर १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांचा दुसरा विवाह झाला तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि वधू, म्हणजे पुढे रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेली यमुना कुर्लेकर, ११ वर्षांची होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली, याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. परंतु वयातील अंतराचा अभ्यास करणाऱ्याला या प्रसंगात वेगळेच काही दिसते. त्यांच्या जातीत त्या काळी तिशीतल्या विधुराला आपल्या वयाची वधू मिळणे जवळजवळ अशक्यच होते, कारण त्या वयाच्या स्त्रियांची लग्ने लहानपणीच उरकलेली असत, आणि ज्यांचे पती वारले होते त्यांना १८५६ च्या कायद्याने मोकळीक दिली असली तरी रूढी पुन्हा बोहल्यावर चढू देत नसे. उरत त्या फक्त आठ-दहा-बारा वर्षांच्या मुली. बाळंतपणात बायका दगावत, त्यामुळे बिजवरांची वाण नव्हती. ज्याला आपण ‘जरठ-कुमारी विवाह’ म्हणून हिणवतो, त्यातला मोठा भाग वराच्या आवडीपेक्षा या वजाबाकीतून निघालेला होता.

मग आवडीचा वाटा किती? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजांतील दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सर्व ३७ ठिकाणी पुरुषांना सरासरीने आपल्याहून लहान पत्नी हवी होती आणि स्त्रियांना आपल्याहून मोठा पती. स्त्रीची प्रजननक्षमता तिशीनंतर उतरणीला लागते आणि पुरुषाची त्या मानाने सावकाश, म्हणून ही पसंती उत्क्रांतीने घडवली, असे बस यांचे प्रतिपादन होते. (पुरुषाचेही घड्याळ थांबलेले नसते: पित्याच्या वाढत्या वयाबरोबर अपत्याकडे जाणारी नवी जनुकीय उत्परिवर्तने वाढत जातात.) मात्र त्याच पाहणीतील आकडे नीट पाहिले तर झांबियातील पुरुषांना पत्नी सात वर्षांहून अधिक लहान हवी होती, आणि फिनलंडमधील पुरुषांना अर्ध्या वर्षाइतकीसुद्धा नाही. दोन्हीकडचे शरीरशास्त्र एकच असताना एवढी तफावत का पडावी? अॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी १९९९ मध्ये हीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा जिथे स्त्री-पुरुषांच्या मिळकतीत आणि अधिकारांत फरक कमी तिथे ही पसंतीची दरीही अरुंद असल्याचे आढळले. मला हा पुरावा अधिक वजनदार वाटतो, कारण स्त्रीच्या हातात स्वतःचे उत्पन्न आले की वयाने मोठ्या, स्थिरस्थावर पुरुषाचे मोल आपोआप घटते. तरी उत्क्रांतीवाद्यांचा मुद्दा सारा निकालात निघाला असे म्हणता येत नाही. किशोरवयीन मुलांना आपल्याहून थोड्या मोठ्या मुली आकर्षक वाटतात, हे निरीक्षण केवळ सत्तेच्या भाषेत समजावून सांगणे अवघड आहे.

अशा संबंधांचा आयुर्मानावर होणारा परिणामही तपासला गेला आहे. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारलेल्या स्वेन ड्रेफाल यांच्या २०१० च्या अभ्यासात, ७ ते ९ वर्षांनी लहान पत्नी असलेल्या पुरुषांचा मृत्यूचा धोका समवयस्क जोडप्यांतील पुरुषांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी आढळला. तरुण पत्नीच्या सेवेमुळे नवरा जास्त जगतो, असा अर्थ लगेच काढण्याचे कारण नाही. मुळात निरोगी आणि संपन्न पुरुषांनाच तरुण पत्नी मिळत असण्याचाही संभव आहे. स्त्रियांच्या बाबतीत चित्र निराळे निघाले. पती बराच मोठा असो वा बराच लहान, समवयस्क पती असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांचे आयुष्य कमीच भरले.

ज्या त्यातूनही दीर्घकाळ जगतात, त्यांच्या वाट्याला वैधव्य येते. स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा काही वर्षे अधिक जगतात. त्यात वयातील अंतर मिळवले की एकटेपणाच्या काळाचा ढोबळ अंदाज मिळतो. रानडे जानेवारी १९०१ मध्ये वारले तेव्हा रमाबाईंना एकोणचाळिसावे वर्ष चालू होते. पुण्याच्या सेवासदनाचे त्यांचे काम त्यानंतरचे, आणि त्या १९२४ पर्यंत जगल्या.