आफ्रिकेचा विकास : परकीय मदत आणि करगळती

आफ्रिकेतील देशांनी शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाणी यांसाठी लागणारा पैसा श्रीमंत देशांच्या मदतीतून उभा करावा, की स्वतःच्या हद्दीतून निसटणारा कर अडवून, हा विकास-अर्थशास्त्रातला एक कळीचा वाद. त्याला जोर आला तो आकड्यांमुळे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने (अंक्टाड) २०२० च्या अहवालात असा अंदाज मांडला, की आफ्रिकेतून दरवर्षी सुमारे ८८.६ अब्ज डॉलर अवैध मार्गाने बाहेर जातात. ही रक्कम खंडाच्या एकूण उत्पादनाच्या ३.७ टक्के भरते. अहवालाने तुलनेसाठी घेतलेल्या २०१३–१५ या वर्षांत आफ्रिकेला मिळणारी विकास-मदत सरासरी ४८ अब्ज डॉलर होती आणि थेट परकीय गुंतवणूक ५४ अब्ज. त्याआधी, २०१५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या समितीने बाहेर जाणारा पैसा वर्षाला ५० अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले होते. या पैशात भ्रष्ट पुढाऱ्यांच्या लुटीचा वाटा थोडा असून मोठा वाटा व्यापारी व्यवहारांचा आहे, हेही त्या समितीने ठामपणे मांडले. एरवी आफ्रिकेची गरिबी म्हटले, की बोट थेट तिथल्या राज्यकर्त्यांकडे जाते. म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा.

मात्र या आकड्यांची थेट वजाबाकी करून चालत नाही. ८८.६ अब्ज हे बाहेर गेलेले भांडवल आहे, बुडालेला कर नव्हे. शंभर डॉलर बाहेर गेले म्हणजे सरकारचे शंभर बुडाले असे होत नाही. बुडतो तो त्यांवरचा कर. करचुकवेगिरी आणि करटाळणी यांतही फरक आहे. पहिलीत कायदा मोडला जातो. दुसरीत कायद्याच्या फटींतून वाट काढली जाते आणि ती पुष्कळदा न्यायालयात टिकते. तिजोरीला खड्डा दोन्हींनी पडतो, पण उपाय वेगळे लागतात.

खड्डा कसा पडतो, हे पाहायला झांबियाचा ताम्रपट्टा, म्हणजे तांब्याच्या खाणींचा प्रदेश, हे चांगले ठिकाण. कित्वे आणि मुफुलिरा या शहरांतल्या मोपानी कंपनीच्या खाणी २००० साली सरकारी मालकीतून खासगी हातात गेल्या आणि ग्लेनकोर या स्वित्झर्लंडमधल्या बड्या व्यापारी कंपनीची त्यात प्रमुख मालकी आली. तेव्हा तांब्याचे भाव पडलेले होते, खाणी तोट्यात होत्या आणि सरकारला त्या कशाही करून विकायच्या होत्या. खरेदीदारांशी झालेल्या विकास-करारांत स्वामित्वधन (रॉयल्टी) अवघे ०.६ टक्के ठेवले गेले; कायद्यातला दर ३ टक्के होता. काही वर्षांतच तांब्याचे भाव चौपट झाले, पण करार होते तसेच राहिले. २००८ मध्ये सरकारने ते रद्द केले.

कर चुकण्याची दुसरी वाट किमतीतून जात होती. खाणीतले शुद्ध तांबे कॅथोड म्हणजे जाड पत्र्यांच्या रूपात बाहेर पडते आणि ट्रकवर लादून हिंदी महासागरावरच्या बंदरांकडे निघते. त्याचा भाव रोज लंडनच्या धातुबाजारात ठरतो, त्यामुळे कोणत्या दिवशी एका टनाची किंमत किती, हे जगाला ठाऊक असते. मोपानी मात्र आपले बरेचसे तांबे प्रमुख मालक असलेल्या ग्लेनकोरलाच विकत असे, आणि झांबियाच्या महसूल प्राधिकरणाला आढळले, की हा भाव बाहेरच्या गिऱ्हाइकांना लावलेल्या भावापेक्षा कमी आहे. घरातल्या घरात झालेल्या अशा विक्रीच्या भावाला हस्तांतरण किंमत म्हणतात. ती खाली ओढली, की नफा खाणीच्या देशात दिसत नाही. तो दिसतो जिथे कर कमी तिथे. प्राधिकरणाने २००६ ते २००९ या वर्षांचा कर नव्याने आकारला. कंपनी कर-अपिलाच्या न्यायाधिकरणात हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. २० मे २०२० रोजी तिथेही ती हरली आणि तिच्यावर सुमारे २४ कोटी क्वाचा (तेव्हाच्या दराने साधारण १ कोटी ३० लाख डॉलर) भरण्याची वेळ आली.

वर्षांचा हिशेब मांडला तर निकाल यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. पण या निकालाचे मोल रकमेपेक्षा मोठे आहे. भाव वाजवी असल्याचे कंपनीने सिद्ध करायचे, हे तत्त्व आफ्रिकेतल्या एका सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. आणि या लढाईच्या मुळाशी परकीय मदतच होती: खाणीच्या हिशेबांची पहिली मोठी तपासणी नॉर्वेच्या मदतीच्या पैशातून झाली होती. पुढे आफ्रिकन कर प्रशासन मंचाने प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना साथ दिली. ‘मदत की कर’ अशी आडवी रेघ मारणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

झांबियाचेच तांबे आकड्यांच्या बाबतीत सावध राहायलाही शिकवते. झांबियाच्या निर्यात-नोंदीत स्वित्झर्लंड हा मोठा गिऱ्हाईक दिसतो, पण स्वित्झर्लंडच्या आयात-नोंदीत ते तांबे सापडत नाही. कारण ते तिथे जातच नाही. सौदा तिथे होतो आणि माल परस्पर दुसऱ्या देशात उतरतो. दोन देशांच्या नोंदी शेजारी ठेवून त्यांतल्या फरकाला ‘पळवलेला पैसा’ म्हटले, तर असा सरळ माल-व्यवहारही चोरीत मोजला जातो. २०१६ मध्ये अंक्टाडच्या एका अहवालाने दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याबाबत असाच मोठा आरोप केला. तिथल्या खाण उद्योगाने दाखवून दिले, की सोन्याची निर्यात वेगळ्या शीर्षाखाली नोंदलेली होती, आणि अंक्टाडला अहवाल सुधारावा लागला. फुगवलेला आकडा शेवटी खऱ्या तक्रारीलाच दुबळे करतो. प्रश्न मोठा आहे हे सांगायला मोपानीसारखे सिद्ध झालेले खटले पुरेसे आहेत.

तिसरी गळती करारांतली. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर बसू नये म्हणून केलेले करार कधीकधी कुठेच कर न भरण्याची सोय होऊन बसतात. मराठी वंशजांमुळे आपल्याला जवळचा वाटणारा मॉरिशस या बाबतीत भारताच्याही परिचयाचा आहे. १९८२ च्या करारामुळे भारतातल्या भांडवली नफ्यावरचा कर मॉरिशसमार्गे वाचवता येत असे. ही वाट २०१६ च्या दुरुस्तीने बंद होऊ लागली. त्याच सुमारास आफ्रिकेतले देशही जागे झाले. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केनिया–मॉरिशस करार रद्दबातल ठरवला, तर सेनेगल आणि झांबिया यांनी मॉरिशसबरोबरचे आपले करार २०२० च्या आसपास संपुष्टात आणले.

मदतीची बाजू घेणारे म्हणतात, की कर अडवण्याच्या लढाया दशकभर चालतात, रुग्णाला तेवढा वेळ नसतो. हे खरे आहे, आणि ते कुठल्याही आकड्याने खोडता येत नाही. २००३ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या ‘पेपफार’ योजनेतून सुमारे २ कोटी लोकांना एचआयव्हीवरची औषधे मिळत आली. त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेतले. ज्या देशांत खाणी नाहीत, बड्या कंपन्या नाहीत, तिथे अडवण्याजोगा करही थोडा. पण मदतीचा दोर देणाऱ्याच्या हातात असतो. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने श्रीमंत देशांपुढे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२४ मध्ये त्यांची सरासरी ०.३३ टक्के होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत एका आदेशाने गोठवली आणि जुलैपर्यंत यूएसएड ही तिची मदत-संस्था व्यवहारात बंद झाली. ब्रिटननेही आपला वाटा ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. दवाखान्यातली परिचारिका, गोळ्यांची पुढची खेप, चाचणीचे संच, सगळे दुसऱ्या देशाच्या निवडणुकीवर अवलंबून असणे ही कोणत्याही जनतेसाठी अन्यायाची स्थिती आहे.

म्हणून मदतीचा सर्वांत टिकाऊ उपयोग करवसुलीची ताकद उभी करण्यात दिसतो. नरसंहारानंतरच्या रवांडाने १९९७ मध्ये स्वतंत्र महसूल प्राधिकरण स्थापले आणि ब्रिटनच्या मदतीने कर्मचारी, संगणक, नियम हे सगळे बसवले. २०१५ मध्ये अदिस अबाबा येथे ‘टॅक्स इन्स्पेक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ हा उपक्रम जाहीर झाला. त्यात अनुभवी करतपासनीस गरीब देशाच्या अधिकाऱ्याशेजारी बसून चालू प्रकरण हाताळतात. भारताच्या आयकर विभागातल्या तज्ज्ञांनीही सेशेल्ससाठी असे काम केले आहे. उपक्रमाच्या हिशेबाने त्यातून २ अब्ज डॉलरहून अधिक जादा कर गोळा झाला. मदतीच्या एकूण रकमेत अशा कामाचा वाटा आजही फार छोटा आहे.

‘कर वाढवा’ आणि ‘करगळती थांबवा’ या दोन गोष्टी एक नाहीत, हे केनियाने २०२४ मध्ये दाखवले. सरकारने वित्त विधेयकात पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर सुचवला. हा प्रस्ताव मागे घेऊनही तरुणांचा उद्रेक थांबला नाही, माणसे मेली आणि २६ जूनला अध्यक्ष विल्यम रूटो यांना सगळे विधेयकच मागे घ्यावे लागले. आफ्रिकी देशांत कराचे राष्ट्रीय उत्पादनाशी प्रमाण सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास आहे, तर श्रीमंत देशांत ३४. ही दरी पाव विकत घेणाऱ्याच्या खिशातून भरायची, की तांबे विकणाऱ्याच्या, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एकट्या देशाच्या हातात नाही, कारण नफा सरहद्दी ओलांडतो. म्हणूनच नियम ठरवण्याचे काम श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटाकडून संयुक्त राष्ट्रांकडे यावे, अशी मागणी आफ्रिकी देशांनी केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आमसभेत नायजेरियाने आफ्रिकी गटातर्फे मांडलेला, यासाठी जागतिक करार करण्याचा ठराव १२५ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाला. विरोधात अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघातले देश होते, म्हणजे बहुतेक मोठे मदतदातेच. आंतरराष्ट्रीय कर-सहकार्याच्या या करारावर न्यूयॉर्क आणि नैरोबी येथे वाटाघाटी चालतात आणि मसुदा २०२७ मध्ये आमसभेपुढे यायचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका या वाटाघाटींतून बाहेर पडली. उरलेल्या देशांनी काम चालू ठेवले. मुख्य कराराच्या जोडीला येणाऱ्या पहिल्या पूरक कराराचा (प्रोटोकॉल) विषय आहे सरहद्दीपलीकडून पुरवल्या जाणाऱ्या सेवांवरचा कर.