वाकळेचा हंगाम: सातारा-सांगलीच्या गोधडीकामाची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळ शिवायचा हंगाम ठरलेला असतो. शाळू-हरभऱ्याची सुगी उरकली की होळीपासून मृगापर्यंत बायकांच्या हाताला शेतात थोडी उसंत असते. ऊन कडक असल्यामुळे धुतलेलं कापड एका दिवसात खडखडीत वाळतं, आणि वाकळ पसरायला अंगण-सोपा मोकळा मिळतो. आज बचत गटांकडे वर्षभर ऑर्डरी येतात, शहरातल्या मुली शिकायला येतात, तरी शिवणारीची खरी धांदल याच तीन महिन्यांत. ही घडी शेताच्या वेळापत्रकानं आणि घरात येणाऱ्या कापडानं बसवली. त्यातलं कापड गेल्या पन्नास वर्षांत पार बदललं, आणि आजच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

गिरण्या येण्याआधी कापड कोष्टी-साळ्यांच्या मागावरचं, महाग आणि मोजकं होतं. लुगडं विरलं की त्यातून परकर निघे, मग बाळाचं दुपटं, मग वाकळेचं पोट (आतले थर), आणि अगदी शेवटी पोतेरं. थंडी-पावसाची सोय वेगळी होती. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढरं भरपूर, त्यांच्या लोकरीची घोंगडी सनगर विणत. पण घोंगडी अंगाला टोचते आणि वरचेवर धुता येत नाही. अंगालगत मऊ, धुता येणारं पांघरूण हवं होतं, ती जागा वाकळेनं घेतली. चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव फिरणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराजही म्हणत, यावरून गोधडी कोणाचं पांघरूण समजली जाई ते कळतं. विकायची वस्तू म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. भटक्या जमातींतल्या बायका मात्र गावाबाहेर पाल टाकून धान्यावर किंवा पैशावर वाकळा शिवून देत. या कलेचा इतिहास सांगताना त्यांचा उल्लेख बहुधा राहून जातो, तो राहू नये.

१८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत सातारा जिल्ह्यातली माणसं गिरणगावाकडे निघाली. आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या चाकरमान्यांमुळे गिरणीचं लुगडं, धोतर, मांजरपाट खेड्यात पोचलं. हातमागाच्या जाड्याभरड्या कापडापेक्षा हे सूत एकसारखं, धुऊन धुऊन मऊ पडणारं. त्याच्या बरोबरीनं जवळचे मागही वाढत गेले. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लागला, पुढे विट्यातही यंत्रमागांची मोठी वस्ती झाली. मागावरचे तुकडे आणि शिंप्याकडची कात्रणं ठिगळांसाठी मिळू लागली. वाकळेच्या दर्शनी बाजूवरचे रंगीत त्रिकोण नि चौकोन वाढले ते अशा कात्रणांच्या जोरावर.

अधूनमधून कापड आटलंही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं त्याच सुमाराचं हे. कापड मापून मिळू लागलं की नवी वाकळ थांबते आणि जुनीवरच थर चढतात. विरलेली बाजू ठिगळांनी झाकायची, वरून आणखी एक लुगडं घालून पुन्हा दोरा भरायचा. जुन्या घरांतल्या काही वाकळा एका माणसाला उचलवत नाहीत इतक्या जड झाल्या, त्या अशा.

आता मापाकडे येऊ, कारण कापडाचा बदल मापात सगळ्यात स्पष्ट दिसतो. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. तिचे आडवे चार तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटरहून किंचित जास्त लांबीचा थर मिळतो. पन्ना, म्हणजे रुंदी, साधारण पावणेचार-चार फूट. म्हणजे एका माणसाच्या वाकळेचे चार थर एका लुगड्यात, काहीही वाया न जाता. दोन लुगड्यांत आठ थरांची चांगली उबदार वाकळ होते. सहावारी साडेपाच मीटरची. तिच्यातून दोन थर निघतात आणि दीड मीटरचा तुकडा उरतो, जो थराला अपुरा आणि ठिगळाला जास्त. त्यामुळे सहावारीच्या वाकळेच्या पोटात जोड येतात. जोड एकावर एक आले तर तिथं गाठीसारखा उंचवटा होतो, सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो रुततो. म्हणून प्रत्येक थराचा जोड मागच्या थराच्या जोडापासून किमान वीतभर सरकवून घ्यायचा. नऊवारीवर हात बसलेल्या बायकांना ही काळजी कधी घ्यावीच लागली नव्हती.

दुसरा आणि मोठा बदल धाग्याचा. सत्तरच्या दशकानंतर पॉलिस्टरच्या साड्या खेड्यात आल्या. त्या फाटत नाहीत, धुवायला सोप्या, शेतात काम करणाऱ्या बाईला सोयीच्या, त्यामुळे त्या रुजल्या यात नवल नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून येणारा सुती कापडाचा ओघही आटला. पण पॉलिस्टर घाम शोषत नाही आणि थरावर थर घसरतो. टाका घालताना वरचा थर पुढे पळतो, शेवटच्या ओळीपर्यंत वाकळ तिरकी झालेली असते. सुती आणि पॉलिस्टर एकत्र घातलं तर पहिल्या गरम पाण्यात सुती थर आटतो, दुसरा आटत नाही आणि सगळीकडे चुण्या पडतात. साडी कशाची आहे ते हातानं कळलं नाही तर काठाचा एक धागा काढून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

शिवणकाम असं चालतं. कापड आधी धुऊन खळ पूर्ण घालवायची. गडद लाल-जांभळ्या काठांचा रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहायचं. काठ जरीचा असेल तर तो कापून काढायचा, कारण जरीच्या तारेवर घासून दोरा तुटतो. फॉल उसवायचा. मग खालचा पदर, म्हणजे वाकळेचा सगळ्यात खालचा थर, उलटा पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि एकेक थर हातानं मधून कडेकडे सारवल्यासारखा निपटत घालायचा. वरचा पदर घालून कडा आत दुमडायच्या. यानंतर कच्चा दोरा, आणि इथंच नवशिक्या घाई करतात. मधून निघून चार दिशांना, मग वीत-वीत अंतरानं आडवे-उभे लांब टाके घातले नाहीत, तर कडेकडून आत शिवत येताना सगळी ढिलाई मध्यभागी गोळा होते आणि तिथं फुगा येतो. तो नंतर कशानंही जात नाही, उसवावंच लागतं.

पक्की शिवण धावदोऱ्याची. एका इंचात तीन-चार टाके, ओळींमध्ये बोटभर अंतर. उजव्या हातात सुई, डावा तळवा वाकळेखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला टेकल्याशिवाय ती वर वळवायची नाही, नाहीतर खालचा पदर टाक्यात येतच नाही आणि पाठीमागून ओळ तुटक दिसते. दोन-तीन टाके सुईवर भरायचे, मग दोरा ओढायचा. ओढल्यावर शिवलेली ओळ अंगठ्यानं मागे निपटायची म्हणजे ताण सुटतो. गाठ थरांच्या पोटात दडवायची. दोरा जाड सुती रिळाचा, मेणावरून ओढलेला, लांबी हातभरच. लांब दोरा पीळ खातो आणि नेड्यापाशी झिजतो. चार फूट बाय साडेसहा फुटांच्या वाकळेला इंचावर ओळी घातल्या तर टाक्यांची वाढ धरून एकशे दहा ते एकशे वीस मीटर दोरा जातो. अर्ध्या इंचावर घातल्या तर दुप्पट. दहा थरांच्या पुढे सुई जात नाही म्हणून काही जणी दाभण घेतात, पण त्याची भोकं मोठी राहतात आणि विरलेलं कापड तिथूनच फाटत जातं. त्यापेक्षा थर कमी करावेत.

हे काम एकटीनं करायचं नव्हतंच. शेतकामासारखी याचीही सावड होती. आज तुझ्या वाकळेवर चौघी, परवा माझ्या. चार बाजूंनी चौघी बसल्या की ताण सारखा राहतो, वाकळ फिरवावी लागत नाही. शिक्षण त्यातच होई. पोरीनं आधी नुसत्या सुया ओवून द्यायच्या, मग कच्चा दोरा घालायचा, मग मधल्या ओळी. कडेची ओळ आणि कोपरा जाणतीकडेच. पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी अडीच फूट बाय तीन फुटांचं दुपटं आजीच्या लुगड्याचं, तीन थरांचं, ते या शिकलेल्या पोरीनं स्वतः पूर्ण करायचं. मऊ, रंग आणि खळ गेलेलं कापड बाळाच्या कातडीला लागत नाही, म्हणून जुनं लुगडंच हवं. ओव्या, सासर-माहेरची बोलणी, कुणाच्या अडचणीला उसने पैसे, हे सगळं त्या चार बाजूंमध्ये होत असे. बऱ्याच मैत्र्या गल्लीपेक्षा वाकळेभोवती जुळल्या.

शिवणीचा कस लागतो भाद्रपदात. घटस्थापनेआधी घराघरांतून दसरा काढतात, सगळं अंथरूण-पांघरूण कृष्णा, कोयना, येरळा, माणगंगेवर जातं. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, धोपाटण्यानं झोडून, दोघी दोन टोकांना धरून पिळतात. हाताचा धावदोरा थोडा ढिला असल्यामुळे या पिळाला सरकतो, तुटत नाही. मशिनची टीप घट्ट असते, एका जागी तुटली की ओळच्या ओळ उसवते. वाळवणं अर्धवट राहिलं तर पोटात ओल धरून कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. म्हणून दोन्ही बाजूंनी किमान दोन दिवसांचं ऊन द्यावं.

आता शिवणयंत्र लावलेला टेम्पो गावात फिरतो आणि जुन्या साड्यांची गोधडी तासाभरात शिवून देतो. घरगुती मशिनवर सुती कापडाचे चार-पाच थर, अठरा नंबरची सुई आणि लांब टीप, याच्या पुढे जाऊ नये. दुसरीकडे १९९२ नंतर बँकांशी जोडलेल्या बचत गटांमुळे हातशिवणीला पहिल्यांदाच स्वतःचा बाजार मिळाला. म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली तीही याच काळात. पण शहरातली मागणी दिवाळी ते संक्रांत, आणि शिवायचा हंगाम उन्हाळा. म्हणून जाणते गट दसरा काढताना घराघरांतून निघणाऱ्या सुती साड्या तेव्हाच गोळा करतात, ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून सुती-पॉलिस्टर वेगळं करून बांधून ठेवतात आणि होळीनंतर पुढच्या दिवाळीचा माल शिवायला बसतात. ऑर्डर घेताना थर किती, ओळींचं अंतर किती आणि दोरा सुती की नाही, एवढं लिहून घेतलं तर भावावरून होणारी घासाघीस बरीच कमी होते.